डच सागरी नकाशे आणि कोकणचा किनारा : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक वाचन

प्रस्तावना :

सोळाव्या व सतराव्या शतकांतील डच सागरी नकाशे आज जगभरातील ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर सहज पाहावयास मिळतात. इतिहास आणि भूगोल या दोन्ही विषयांच्या अध्यापनात त्यांचा वापर वाढला आहे, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु हे नकाशे वर्गात दाखविताना एक अडचण वारंवार जाणवते. पदवीच्या वर्गात पश्चिम किनाऱ्याचा असा एक नकाशा पडद्यावर दाखविला असता एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, यात आपले कर्जत कुठे आहे?" कर्जत त्यात नव्हते, खालापूरही नव्हते. त्यावर दुसऱ्या विद्यार्थ्याने तत्काळ निष्कर्ष काढला की, त्या काळी येथे केवळ जंगल असावे. त्याच वर्षी सादर झालेल्या स्थानिक इतिहासाच्या दोन प्रकल्पांतही हाच तर्क आढळला : 'जुन्या नकाशात गावाचा उल्लेख नाही, म्हणून गाव अलीकडचे आहे.'

हा तर्क सदोष आहे, हे आपण सर्व प्राध्यापक जाणतो. तथापि तो का सदोष आहे, हे विद्यार्थ्यास समजावून सांगावयाचे तर सागरी नकाशा कसा तयार होत असे, कोणासाठी होत असे आणि त्यातून काय वगळले जात असे, याची माहिती असणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात ही माहिती कोकणच्या किनाऱ्याच्या आधारे मांडली आहे. कोणताही नकाशा त्याच्या कर्त्याच्या गरजेएवढाच बोलतो. म्हणून त्यातील कोरी जागा हा त्या भूमीविषयीचा पुरावा मानता येत नाही, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. समुद्रापासून दूर असलेल्या आपल्या दोन तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न आजही महत्त्वाचा का आहे, याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

सागरी नकाशाचे स्वरूप :

भूमीचा नकाशा आणि सागरी नकाशा यांत मूलभूत फरक आहे. भूमीच्या नकाशात गावे, रस्ते, नद्या व सीमा महत्त्वाच्या असतात. सागरी नकाशात पाण्याची खोली, तळाचे स्वरूप, खडक, वाळूचे दांडे, नांगर टाकण्याजोग्या जागा, प्रवाह आणि समुद्रावरून दिसणाऱ्या खुणा यांना महत्त्व असते. त्या काळच्या सागरी नकाशांवर होकायंत्राच्या चक्रांतून निघालेल्या दिशारेषांचे जाळे सर्वत्र पसरलेले दिसते. या रेषांच्या साह्याने तांडेल एका बंदराकडून दुसऱ्या बंदराकडे जाण्याची दिशा ठरवीत असे.

या नकाशांवरील नावे लिहिण्याची पद्धतही लक्षात घेण्यासारखी आहे. समुद्राचा भाग खोली व खडकांच्या नोंदींसाठी मोकळा ठेवावा लागत असल्याने बंदरांची नावे किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूस लिहिली जात. परिणामी चौल किंवा वसई या नावांची अक्षरे जेथे पसरलेली दिसतात, तो प्रत्यक्षात किनाऱ्यामागील भूप्रदेश असतो. आपल्या परिसराची जागा या नकाशांत बंदरांच्या नावांनी व्यापली आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. नकाशाकाराच्या दृष्टीने ती जागा लेखनासाठी उपलब्ध होती, कारण तेथे जहाज जाणार नव्हते.

नेदरलँड्समध्ये या विद्येची पायाभरणी युरोपच्या किनाऱ्यांपासून झाली. एन्कहाउझेन या बंदराचा रहिवासी लुकास वाखेनार याने १५८४ मध्ये नकाशे आणि नौकानयनाच्या सूचना एकत्र असलेला ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या ग्रंथात किनाऱ्याचा आराखडा आणि समुद्रावरून दिसणारी किनाऱ्याची रेखाकृती एकाच पानावर येते. पुढील काळात डचांनी आशियाच्या किनाऱ्यांसाठीही हीच पद्धत वापरली.

गोव्यातून गेलेली माहिती :

डचांच्या आशियाविषयक ज्ञानाचा एक मोठा स्रोत आपल्या निकटचा आहे. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा वाखेनारच्याच गावी, एन्कहाउझेन येथे वाढलेला तरुण १५८३ मध्ये गोव्यास आला. गोव्याच्या आर्चबिशपचा सचिव म्हणून त्याने तेथे सुमारे पाच वर्षे काढली. या काळात त्याने व्यापार, वनस्पती, लोकजीवन यांची माहिती जमविलीच, शिवाय पोर्तुगीज तांडेलांच्या मार्गदर्शक पोथ्यांतील मजकूरही मिळविला. पोर्तुगीज राजसत्ता सागरी मार्गांची माहिती परकीयांच्या हाती जाऊ नये यासाठी दक्ष असे. लिन्शोटेन १५९२ मध्ये मायदेशी परतला. त्याने दिलेल्या सागरी सूचनांचा भाग १५९५ मध्ये आणि संपूर्ण प्रवासग्रंथ १५९६ मध्ये आम्स्टरडॅम येथे कॉर्नेलिस क्लास या प्रकाशकाने छापला. १५९८ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. दरम्यान धर्मोपदेशक व भूगोलज्ञ पेत्रुस प्लान्सियुस याने पोर्तुगीज नकाशाकार बार्तोलोमेउ लासो याचे नकाशे मिळविले होते. या दोन स्रोतांच्या आधारे १५९५ मध्ये डचांची पहिली व्यापारी मोहीम आशियाकडे निघाली आणि १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना झाली.

लिन्शोटेनच्या ग्रंथातील नकाशात कोकणच्या किनाऱ्यावर दाभोळ, चौल, वसई अशी परिचित बंदरे आढळतात. घाटावरील प्रदेशास तो 'बालाघाट' या अर्थाच्या नावाने संबोधतो. म्हणजे किनाऱ्यामागे डोंगर असून त्यावर वेगळा प्रदेश आहे, हे त्यास ज्ञात होते. परंतु किनारा आणि बालाघाट यांच्या मधला जो पट्टा, ज्यात आज कर्जत व खालापूर हे तालुके येतात, त्यास त्याच्या मांडणीत स्वतंत्र स्थान नाही. आपल्या परिसराची अनुपस्थिती येथूनच सुरू होते.

येथे एक गोष्ट नोंदविणे न्याय्य ठरेल. लिन्शोटेनच्या माहितीमागे पोर्तुगीजांचे काम होते. दों जुआंव द काश्त्रु याने १५३८-३९ मध्ये गोव्याहून दीवपर्यंत प्रवास करताना बंदरांची मुखे, खोली, अक्षांश आणि किनाऱ्याचे देखावे यांची पद्धतशीर नोंद केली होती. आणि पोर्तुगीजांच्या कामामागे स्थानिक तांडेलांचे ज्ञान होते. कोणत्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, भरतीचे पाणी किती चढते, कोणत्या महिन्यात किनारा बंद होतो, हे परकीय जहाजांना येथील मार्गदर्शकांकडूनच कळत असे. नकाशावर कोरणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव आहे; सांगणाऱ्याचे नाव नाही. कर्जत वगळले गेले त्याप्रमाणेच किनाऱ्यावरचा कोळी तांडेलही वगळला गेला, हे ध्यानात घेतले पाहिजे.

कंपनीची नकाशाव्यवस्था :

डच कंपनीने नकाशे तयार करण्याचे काम एका निश्चित व्यवस्थेत बसविले. आम्स्टरडॅम येथे कंपनीचा अधिकृत नकाशाकार असे. हेसेल गेरित्स याने १६१७ पासून १६३२ पर्यंत हे पद सांभाळले. त्यानंतर विलेम ब्लाऊ व त्याचा पुत्र योआन ब्लाऊ यांच्याकडे ते आले. योआन ब्लाऊ १६३८ पासून १६७३ पर्यंत या पदावर होता.

या व्यवस्थेचे कार्य पुढीलप्रमाणे चाले. प्रत्येक जहाजास प्रस्थानापूर्वी हस्तलिखित नकाशांचा संच दिला जाई. सततच्या वापरात टिकावेत म्हणून यांतील अनेक नकाशे चर्मपत्रावर काढलेले असत. प्रवासात तांडेलाने रोजनिशी ठेवावयाची आणि खोली, खडक, किनाऱ्याचे वळण यांत जो फरक आढळेल त्याची नोंद करावयाची, असा नियम होता. परतल्यावर नकाशे व रोजनिशी दोन्ही कंपनीकडे परत द्यावी लागत. नकाशाकार या नोंदी पडताळून मूळ नकाशात दुरुस्ती करी आणि पुढील जहाजांसाठी सुधारित प्रती तयार होत. आजच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही ज्ञानाच्या सातत्यपूर्ण सुधारणेची एक यंत्रणा होती. मात्र ती गोपनीय होती. नकाशाकारास गुप्ततेची शपथ घ्यावी लागे. पोर्तुगीजांचे गुपित छापून प्रसिद्ध करणाऱ्या डचांनी पुढे स्वतःचे गुपित तितक्याच कसोशीने जपले.

आशियातील या गोपनीय नकाशांवर आधारित सागरी नकाशांचा संग्रह छापील स्वरूपात आला तो १७५३ मध्ये. योहानेस व्हान क्योलेन (दुसरा) याने आपल्या घराण्याच्या 'समुद्र-मशाल' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रंथमालेचा सहावा भाग म्हणून तो प्रकाशित केला. या मालेचे प्रकाशन १६८१ मध्ये सुरू झाले होते. म्हणजे आशियाविषयीचा भाग येण्यास सत्तर वर्षांहून अधिक काळ जावा लागला. वर्गात आपण जे सुशोभित, रंगीत छापील नकाशे दाखवितो, ते बहुतांशी श्रीमंत वाचकांच्या दिवाणखान्यासाठी व ग्रंथालयासाठी निघालेले असत. जहाजावरील कामाचा नकाशा साधा, डागाळलेला आणि वारंवार दुरुस्त केलेला असे. हा भेद विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देणे आवश्यक आहे.

वेंगुर्ल्याची वखार :

कोकणच्या किनाऱ्याची माहिती डचांना नेमकी कशासाठी हवी होती, याचे उत्तर वेंगुर्ल्यात मिळते. विजापूरच्या आदिलशाहीच्या अनुमतीने डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ला येथे वखार स्थापन केली. तिचे अवशेष आजही तेथे आहेत. गोवा येथून जवळ होते आणि गोव्याची नाकेबंदी हे डचांचे त्या दशकातील प्रमुख धोरण होते. १६३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १६४० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत आणि पुन्हा १६५६ पासून १६६३ पर्यंत डच आरमार पावसाळा संपताच गोव्यासमोर येऊन उभे राही व पुढील पावसाळ्यापूर्वी निघून जाई. या जहाजांना पाणी, तांदूळ व इतर रसद वेंगुर्ल्यातून मिळे. गोव्यातील व विजापूर दरबारातील बातम्याही येथूनच बटाव्हियास, म्हणजे आजच्या जाकार्तास, कळविल्या जात.

अशा आरमारास कोणत्या माहितीची गरज होती? नांगर टाकण्यास योग्य खोली, वेंगुर्ल्यासमोरील धोकादायक खडक, गोड्या पाण्याच्या जागा आणि शत्रूचे जहाज कोणत्या मुखातून बाहेर पडू शकेल याचा अंदाज. वेंगुर्ल्यासमोरील खडकांना पोर्तुगीज 'जळकी बेटे' या अर्थाच्या नावाने ओळखत आणि युरोपीय नकाशांत ते नाव दीर्घकाळ टिकून राहिले. एका निर्मनुष्य खडकास नकाशात नाव मिळते, कारण त्यावर जहाज फुटू शकते. घाटाखालील नांदत्या गावास नाव मिळत नाही, कारण त्याच्यामुळे जहाजाला काहीही होत नाही. सागरी नकाशातील निवडीचे तत्त्व यापेक्षा स्पष्ट करता येणार नाही.

अक्षांश, रेखांश आणि शिसे :

या नकाशांची अचूकता कितपत होती, हा पुढील प्रश्न आहे. तो समजावून सांगण्यास कर्जत हे स्थान अतिशय उपयुक्त ठरते. कर्जत आणि मुंबईचा कोट विभाग हे दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, सुमारे १८ अंश ५५ मिनिटे उत्तर, वसले आहेत. त्यांच्यातील फरक केवळ रेखांशाचा असून तो सुमारे अर्धा अंश आहे. या अक्षांशावर एक रेखांश सुमारे १०५ किलोमीटरचा असल्याने हे अंतर सुमारे ५० किलोमीटर भरते.

सतराव्या शतकातील तांडेलास माध्यान्हीच्या सूर्याची किंवा ध्रुवताऱ्याची उंची मोजून अक्षांश बऱ्यापैकी काढता येत असे. रेखांश मात्र जहाजाचा वेग, दिशा व गेलेला वेळ यांच्या अंदाजावरच काढावा लागे. अनेक आठवड्यांच्या प्रवासानंतर या अंदाजात काही अंशांची चूक सहज होई. १६२९ मध्ये डच कंपनीचे 'बटाव्हिया' हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या पश्चिमेकडील प्रवाळखडकांवर आदळून फुटले. आपण किनाऱ्यापासून अद्याप दूर आहोत, अशी त्यावरील अधिकाऱ्यांची समजूत होती. समुद्रावर रेखांश विश्वासार्हपणे मोजता येऊ लागला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, जॉन हॅरिसनच्या घड्याळाची १७६१-६२ मध्ये सागरी चाचणी झाल्यानंतर. विद्यार्थ्यांना असे सांगावे की, अर्ध्या अंशाची चूक झाली तर कागदावर जहाज मुंबईच्या बंदराऐवजी कर्जतच्या स्थानकाजवळ येऊन उभे राहते. रेखांशाचा प्रश्न त्यांना एका वाक्यात उमगतो.

मग जहाजे किनाऱ्यास सुखरूप लागत कशी? त्यासाठी दुसरी साधने होती. पहिले साधन म्हणजे दोरीला बांधलेले शिसे. मुंबईसमोर भूखंडमंच विस्तृत आहे. त्यामुळे जमीन दृष्टीस पडण्याच्या पुष्कळ आधी तळ लागू लागतो. शिशाच्या बुडाशी चरबी लावलेली असे. तिला चिकटून वर येणारी वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचे तुकडे पाहून किनारा किती जवळ आला, हे अनुभवी माणूस ओळखीत असे. खोलीचे डच माप पसरलेल्या दोन हातांच्या लांबीवरून आले असून ते सुमारे १.७ मीटर होते. आपल्या कोळी बांधवांचे 'वाव' हे माप याच देहमापावर आधारलेले आहे. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील दर्यावर्दी समाजांनी समुद्र एकाच रीतीने मोजला, ही बाब तौलनिक अभ्यासास पात्र आहे. पाण्यात दिसणारे साप हे किनारा जवळ आल्याचे लक्षण होय, ही जुनी खूण तर इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथातही आढळते.

तिसरे साधन म्हणजे डोंगर. निरभ्र हवेत मुंबईच्या बंदरातून पूर्वेकडे पाहिल्यास माथेरान व प्रबळ यांचे पठारी माथे आणि कर्नाळ्याचा सुळका ओळखता येतो. कर्नाळ्यास इंग्रज खलाशी त्याच्या आकारावरून 'फनेल हिल' म्हणत. आपल्या परिसराने सागरी नकाशांस दिलेली देणगी असलीच तर ती ही होय. खलाशाला आमचे डोंगर दिसत होते. डोंगरांच्या पायथ्याची गावे दिसत नव्हती आणि त्याला ती पाहण्याचे कारणही नव्हते.

कोऱ्या जागेत काय होते? :

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नकाशाकाराने कोरी ठेवलेली ही भूमी प्रत्यक्षात रिकामी होती काय? कर्जतजवळील कोंढाणे येथील बौद्ध लेणी इसवी सनापूर्वीच्या काळातील मानली जातात. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात ती खोदली गेली. एवढे खर्चिक काम निर्जन अरण्यात होत नाही. घाटावरील बाजारपेठा आणि कल्याण, चौल यांसारखी बंदरे यांना जोडणाऱ्या वाटा या भागातून जात होत्या. 'पेरिप्लस'मध्ये कल्याण व चौल या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. बंदर म्हणजे केवळ किनाऱ्यावरचा एक ठिपका नव्हे. घाटावरून येणारा माल असल्याखेरीज बंदरास अर्थ नसतो. बोरघाटाने खाली उतरणारे लमाणांचे तांडे खालापूर परिसरातूनच जात असत. डच नकाशात चौल आहे, चौलचे पोषण करणारी वाट नाही. फळ दाखवून देठ वगळावा, तसे हे झाले.

उल्हास नदी कर्जत तालुक्यातून वाहत कल्याणकडे जाते व वसईच्या खाडीस मिळते. पाताळगंगा खालापूर तालुक्यातून वाहत धरमतरच्या खाडीस मिळते. डच व पोर्तुगीज नकाशांत या खाड्यांची मुखे दाखविलेली असतात आणि रेषा थोडी आत जाऊन थांबते. जेथे जहाज अडते तेथे नदीही संपते. वस्तुतः ती तेथे संपलेली नसून नकाशाकाराची जिज्ञासा संपलेली असते.

१६६१ हे वर्ष या संदर्भात उद्बोधक आहे. त्या वर्षी फेब्रुवारी महिन्यात शायिस्ताखानाने पाठविलेल्या कारतलबखानाच्या सैन्यास छत्रपती शिवाजी महाराजांनी आजच्या खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत कोंडीत पकडले. घाट उतरून आलेल्या त्या मोठ्या फौजेस अरुंद खिंड, दाट झाडी व पाण्याचा अभाव यांमुळे शरण जावे लागले. तो विजय भूमीच्या सूक्ष्म ज्ञानाचा होता आणि ते ज्ञान कोणत्याही युरोपीय नकाशात नव्हते. त्याच वर्षी जून महिन्यात झालेल्या विवाहकरारान्वये पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजास दिली. परंतु 'मुंबई' म्हणजे नेमका किती भूभाग, साष्टी त्यात येते किंवा नाही, यावरून दोन्ही पक्षांत वाद झाला आणि प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले. युरोपीय दरबारांना बेटांचीही नीटशी कल्पना नसताना उंबरखिंडीची प्रत्येक वाट येथील मावळ्यांना ठाऊक होती. म्हणून 'नकाशा नव्हता' याचा अर्थ 'ज्ञान नव्हते' असा करता येत नाही. ते ज्ञान माणसांच्या स्मृतीत, वाटांच्या नावांत आणि वाटाड्यांच्या पायांत होते.

भूमीचे नकाशे आणि नवी वगळणूक :

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून परिस्थिती बदलली. इंग्रजांना किनाऱ्यामागील प्रदेशावर राज्य करावयाचे होते. १७८७ ते १७९० या काळात लेफ्टनंट जॉन मक्लुअर याने पश्चिम किनाऱ्याचे नव्याने सागरी सर्वेक्षण केले. १८०२ मध्ये दक्षिण भारतात लॅम्बटन याच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ झाला. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि १८६३ मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. महसूल, सैन्य, जंगल व रेल्वे यांच्या गरजेतून कर्जत व खालापूर नकाशावर आले. पूर्वीची कोरी जागा भरली.

परंतु ती पूर्णपणे भरली काय? नव्या नकाशांचीही आपापली प्रयोजने होती. महसुली नकाशात महसुली गाव असते. त्या गावाच्या हद्दीतील डोंगरावरची ठाकरवाडी किंवा कातकरीवाडी त्यात अनेकदा स्वतंत्रपणे येत नाही. जंगलाच्या नकाशात झाडोरा येतो, झाडोऱ्यातील वहिवाटीची पायवाट येतेच असे नाही. जहाजावरील अधिकाऱ्याची जागा कचेरीतील अधिकाऱ्याने घेतली, तरी निवडीचे तत्त्व तेच राहिले.

या वगळणुकीचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे आपल्या तालुक्याने अनुभवले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावर वसलेल्या इर्शाळवाडी या ठाकर समाजाच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती आले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि काही दिवसांनी शोधकार्य थांबवावे लागले. दरडप्रवण ठिकाणांच्या यादीत या वाडीचा समावेश नव्हता, असे त्या वेळी शासनातर्फे विधिमंडळात सांगण्यात आले. या दुर्घटनेचे कारण नकाशा होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. अतिवृष्टी, तीव्र उतार आणि भूरचना ही तिची कारणे होत. तथापि 'यादीत नाव नाही' या शब्दांचा अर्थ 'तेथे धोका नाही' असा होत नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले. कोऱ्या जागेस रिकामी जागा समजण्याची चूक केवळ इतिहासाच्या प्रकल्पापुरती मर्यादित राहत नाही.

अध्यापनातील उपयोग :

वरील विवेचनाच्या आधारे जुना नकाशा वर्गात वापरताना विद्यार्थ्यांकडून पुढील पाच प्रश्नांची उत्तरे लिहून घ्यावीत, असे सुचवावेसे वाटते.

१. हा नकाशा कोणी, केव्हा व कोणाच्या खर्चाने तयार केला?
२. तो जहाजावर वापरण्यासाठी होता की विक्रीसाठी छापलेला होता?
३. त्यातील माहिती कोणाकडून मिळाली असावी आणि त्यांची नावे नकाशावर आहेत काय?
४. कर्त्यास कोणत्या गोष्टींची गरज नव्हती?
५. कोऱ्या जागेविषयी लेणी, शिलालेख, बखरी, कागदपत्रे, स्थलनामे व मौखिक परंपरा काय सांगतात?

पाचव्या प्रश्नासाठी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर न्यावे लागेल. आपल्या दोन्ही तालुक्यांत त्यास भरपूर वाव आहे. घाटवाटांची नावे, पाणवठे, वाड्यांची जुनी ठिकाणे व त्यांच्या स्थलांतराच्या आठवणी यांची नोंद भूगोल, इतिहास, मराठी व समाजशास्त्र या विभागांना एकत्र येऊन करता येईल. भूगोल विभागाकडे उपग्रहाधारित स्थाननिश्चितीची साधने असल्यास या नोंदी आधुनिक नकाशावर मांडता येतील. मूळ डच नकाशे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता उरलेली नाही. हेग येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील नकाशांचा मोठा भाग संगणकावर उपलब्ध आहे. डच कंपनीच्या नकाशांचा सात खंडांचा बृहत्संग्रह २००६ ते २०१० या काळात प्रकाशित झाला असून कंपनीच्या कागदपत्रांचा समावेश युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक स्मृतिवारशात केला आहे.

समारोप :

डच सागरी नकाशे हे मानवी जिज्ञासेचे, परिश्रमांचे आणि शिस्तीचे उत्कृष्ट फलित आहेत, यात शंका नाही. प्रत्येक प्रवासातील चूक पुढील प्रवासात दुरुस्त करण्याची त्यांची पद्धत आजही अनुकरणीय आहे. परंतु ते व्यापाराची व युद्धाची साधने होती. त्यांनी कोकणचा किनारा जहाजाच्या डोलकाठीवरून पाहिला आणि तेथून जेवढे दिसले व जेवढे उपयोगी पडले, तेवढे नोंदविले. कर्जत-खालापूर त्यांत नाही, ही त्या नकाशांची मर्यादा आहे, आपल्या भूमीची नव्हे.

ज्या विद्यार्थ्याने "आपले कर्जत कुठे आहे?" असे विचारले, त्याचा प्रश्न योग्य होता. नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाने प्रथम हाच प्रश्न विचारावयास हवा. त्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी आपणा अध्यापकांची आहे. लिन्शोटेनच्या ग्रंथास आता सव्वाचारशेहून अधिक वर्षे झाली. एवढ्या काळानंतरही आपल्या तालुक्यांतील किती वाड्या, किती वाटा व किती पाणवठे कोणत्याही नकाशावर नाहीत, याची गणना महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या साह्याने करता आली, तर या जुन्या नकाशांच्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.